कॅरोब पावडर: कोकोऐवजी वापरायची तर काय बदलायचं आणि किती

कॅरोब पावडरचं, म्हणजे कोकोसारख्या दिसणाऱ्या एका गोड शेंगेच्या पावडरचं, पहिलं पाकीट घरी आलं, की बहुतेकांच्या हातून तेच होतं जे माझ्या हातून झालं. कोको केकची नेहमीची कृती घेतली, कोकोच्या जागी तेवढाच कॅरोब घातला आणि बाकी काहीच बदललं नाही. केक फुगला, रंगही सुरेख आला. कापला तेव्हा मात्र सुरीखाली भुगा पडायला लागला. घास गोडमिट्ट लागला आणि कडा करपलेल्या निघाल्या. त्यानंतर वर्षभर ते पाकीट कपाटात मागे पडून होतं. आज माझ्या घरी कोकोपेक्षा कॅरोब जास्त लागतो, कारण मधल्या काळात एक गोष्ट नीट कळली. रंग सारखा असला तरी कॅरोबचा स्वभाव कोकोच्या जवळजवळ उलटा आहे. कोको कडू, स्निग्ध आणि बिनसाखरेचा. कॅरोब गोड, कोरडा आणि जात्याच साखरेनं भरलेला. कृतीत करायचे सगळे बदल या एका फरकातून निघतात.

आधी शेंगेची ओळख

कॅरोब म्हणजे सेराटोनिया सिलिक्वा नावाच्या सदाहरित झाडाची शेंग. झाड वाटाण्याच्या कुळातलं. स्पेन, पोर्तुगाल, इटली, मोरोक्को, ग्रीस, सायप्रस, तुर्कस्तान असं भूमध्य समुद्राभोवती ते शतकानुशतकं वाढतंय. शेंग पिकली की गडद तपकिरी आणि चामड्यासारखी चिवट होते, लांबी साधारण १० ते २० सेंटीमीटर. आत वाजणाऱ्या दगडासारख्या कडक बिया असतात, पण शेंगेच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा. पावडर होते ती बिया काढून उरलेल्या गोड गराची.

हिरे तोलताना वापरतात तो 'कॅरट' हा शब्द याच बियांच्या ग्रीक नावावरून आला. सगळ्या बिया तंतोतंत सारख्या वजनाच्या असतात असं पूर्वी मानायचे. प्रत्यक्षात त्या इतर बियांइतक्याच लहानमोठ्या असतात, आणि कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम हे माप १९०७ मध्ये ठरवून घ्यावं लागलं.

ताजी वाळलेली शेंग मोडून नाकाशी धरली, तर पहिल्यांदा जुन्या चीजसारखा आंबूस वास येतो. घाबरू नका, शेंग खराब नाही. तो आयसोब्युटिरिक आम्लाचा वास आहे आणि भाजल्यावर बराचसा निघून जातो. एक तुकडा चघळून बघा. आधी चिवट, मग खजूर आणि कॅरॅमलच्या मधली गोडी, आणि शेवटी जिभेला किंचित कोरडेपणा. तो कोरडेपणा टॅनिन या तुरट द्रव्याचा. पावडर वापरतानाही ही शेवटची चव लक्षात ठेवायची आहे.

आकडे काय सांगतात

१०० ग्रॅम कॅरोब पावडरमध्ये साखर सुमारे ४९ ग्रॅम आणि स्निग्धांश १ ग्रॅमपेक्षाही कमी असतो. बिनसाखरेच्या १०० ग्रॅम कोको पावडरमध्ये साखर २ ग्रॅमच्या आत आणि स्निग्धांश १३ ते १४ ग्रॅम. तंतू दोन्हींत भरपूर, ३५ ते ४० ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम कॅरोबमध्ये जास्त, सुमारे ३५० मिलिग्रॅम, तर कोकोत १३०च्या आसपास. लोहात मात्र कोको खूपच पुढे आहे, १४ मिलिग्रॅमला कॅरोबचे जेमतेम ३. प्रथिनंही कोकोत चौपट.

बहुतेक लोक कॅरोबकडे वळतात ते वेगळ्याच कारणानं. त्यात कॅफिन नाही आणि थिओब्रोमाइन हे कोकोतलं कॅफिनसारखंच उत्तेजक द्रव्यही नाही. कोकोच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण ५ ग्रॅममध्ये, ११-१२ मिलिग्रॅम कॅफिन आणि १०० मिलिग्रॅमच्या आसपास थिओब्रोमाइन असतं. ज्यांची झोप चटकन उडते, ज्यांना कोकोनं डोकं चढतं किंवा छातीत धडधडतं, लहान मुलांना रात्री काहीतरी गरम द्यायचंय, त्यांच्यासाठी हा फरक खरा आणि मोठा आहे. कुत्र्यांना चॉकलेट विषारी ठरतं तेही याच थिओब्रोमाइनमुळे, म्हणून त्यांच्या बिस्किटांत कॅरोब वापरतात.

'नैसर्गिक' शब्द वाचून मधुमेह असलेल्यांनी मात्र मोकळ्या हातानं चमचे घालू नयेत. पावडरचा जवळजवळ अर्धा भाग साखर आहे, ती दिवसाच्या हिशेबात धरायलाच हवी. कोकोतले फ्लॅव्हॅनॉल (आरोग्याला उपयोगी मानले जाणारे वनस्पतीतले घटक) मिळावेत म्हणून कोको घेणाऱ्यांना ते कॅरोबमधून मिळणार नाहीत. शेंगवर्गातल्या पदार्थांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विकत घेताना

पाकिटावर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, पावडर शेंगेच्या गराचीच आहे ना. याच झाडाच्या बियांपासून लोकस्ट बीन गम नावाचा दाटपणा आणणारा पदार्थ होतो. आइस्क्रीमच्या डब्यावर तो ई ४१० या क्रमांकानं दिसतो. तो पांढुरका असतो, त्याला कॅरोब गम असंही म्हणतात आणि नावाच्या या सारखेपणातून गोंधळ होतो. कोकोच्या जागी चमचाभर गम घातला तर दुधाचा चिकट लगदाच होईल.

दुसरी, कच्ची की भाजलेली. कच्ची पावडर फिकट, वाळूच्या रंगाची आणि जास्त गोड असते, चवीला फळाच्या जवळची. भाजलेली पावडर गडद आणि खमंग, कोकोच्या जवळ जाणारी. कोकोला पर्याय म्हणून घेत असाल तर मध्यम भाजलेली घ्या. फार गडद दिसली की ती जास्त 'चॉकलेटी' असेल असं वाटतं, पण जास्त भाजल्यावर साखर जळते आणि येणारा कडवटपणा करपल्याचा असतो, त्याला कोकोच्या कडूपणाची सर नाही.

तिसरी, घटकांची यादी. पावडरच्या यादीत एकच घटक हवा. कॅरोबचे चिप्स आणि वड्या घेताना यादी आणखी बारकाईनं वाचा. त्यांत अनेकदा पाम कर्नेल तेल, साखर आणि दुधाची पावडर असते आणि कॅरोब थोडासाच.

घरी आल्यावर पावडर लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढा. साखरेमुळे ती हवेतली ओल भराभर ओढते आणि महिन्याभरात ढेकळं होतात. ओला चमचा तर बरणीत जाताच कामा नये. ढेकळं झालीच, पण वास चांगला असेल, तर फोडून चाळून घ्या. बुरशीचा वास आला तर टाकून द्या.

कच्ची पावडर घरी भाजणं

कच्चीच मिळाली तर भाजणं अवघड नाही, फक्त गॅससमोरून हलायचं नाही. जाड बुडाचं पातेलं मंद आचेवर ठेवा, त्यात पावडरचा बोटभरापेक्षाही पातळ थर पसरा आणि लाकडी उलथन्यानं सतत हलवत राहा. पहिली दोन-तीन मिनिटं वाळक्या गवतासारखा वास येतो. मग तो बदलायला लागतो, आधी भाजलेल्या बिस्किटासारखा, नंतर कॅरॅमलसारखा. रंग दुधाच्या कॉफीएवढा झाला की आच बंद करा आणि पावडर लगेच थंड ताटात पसरा. पातेल्यातच राहिली तर तापलेलं बूड तिला पुढे भाजत राहतं आणि मिनिटभरात ती करपते. हवा तेवढा रंग येण्याच्या थोडं आधीच उतरवणं, एवढंच यातलं कसब. एकूण पाच ते आठ मिनिटं लागतात. थंड झाल्यावर बारीक चाळणीनं चाळा.

अख्ख्या शेंगा मिळाल्या तर त्या धुऊन, वीसेक मिनिटं वाफवून मऊ करा, मग उभ्या चिरून सगळ्या बिया काढा. एकही बी राहू देऊ नका, मिक्सरचं पातं तिच्यापुढे टिकत नाही. तुकडे कमी तापमानाच्या ओव्हनमध्ये कडकडीत वाळवा, १५० अंशांवर थोडे भाजा, गार करा आणि मग दळा. गरम किंवा दमट तुकडे दळले तर पावडरच्या जागी डिंकासारखा गोळा हाती येतो.

पेस्ट आधी, बाकी सगळं नंतर

एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही लावा. कॅरोब कोरडाच दुधात किंवा पिठाच्या मिश्रणात टाकू नका. थंड दुधावर टाकलेला चमचाभर कॅरोब बघा कसा वागतो. तो वर तरंगतो, बाहेरून ओला होऊन त्याचं कवच बनतं आणि आत कोरडी पावडर तशीच राहते. मग कितीही ढवळा, गुठळ्या फुटत नाहीत आणि पिताना दाताखाली कचकच येते.

यासाठी पावडर आधी चाळा. वाटीत घेऊन तिच्यावर उकळतं पाणी थोडं थोडं ओता, एका मोठ्या चमच्याला साधारण दोन चमचे पाणी. चमच्याच्या पाठीनं वाटीच्या कडेला घोटत राहा. आधी ती रेतीसारखी लागते, मग अचानक गुळगुळीत होते आणि चकाकायला लागते. ती चमक आली की पाच मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे तंतू पाणी पिऊन घेतात. कचकच निम्म्याहून जास्त इथेच संपते.

गरम पेयासाठी २०० मिलिलिटर दुधाला एक मोठा चमचा कॅरोब भरपूर होतो. पेस्ट दुधात घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं उकळू द्या. नुसत्या गरम दुधात ढवळलेल्या कॅरोबची आणि उकळलेल्या कॅरोबची चव वेगळी लागते, उकळलेली गोल आणि भरीव. चिमूटभर मीठ आणि थोडी व्हॅनिला किंवा दालचिनी घाला. साखर आधी घालू नका, चाखून मगच ठरवा. बहुतेक वेळा लागतच नाही. तळाशी थोडा गाळ बसतोच, नको असेल तर गाळून घ्या. साय न काढलेलं दूध वापरलं तर चव जास्त खुलते, कारण कॅरोबला स्वतःचा स्निग्धांश नाही आणि सुगंध जिभेवर रेंगाळायला थोडा हवा असतो.

केकची कृती बदलताना

समजा तुमच्या कृतीत २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कोको, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी आणि १८० अंशांचा ओव्हन आहे. आता एकेक बदल घेऊ.

कॅरोब वजनानं कोकोइतकाच, म्हणजे ५० ग्रॅम घ्या. मापाच्या कपानं मोजत असाल तर ध्यानात ठेवा की एक कप कॅरोब कोकोच्या कपापेक्षा वजनदार असतो, सुमारे १०० ग्रॅमला ८५ ग्रॅम. त्यामुळे कपानं सारखं मोजलं तरी कॅरोब जास्त जातो. तराजू वापरलेला बरा.

५० ग्रॅम कॅरोब स्वतःसोबत जवळपास २५ ग्रॅम साखर आणतो, ती कृतीतून सरळ वजा करा. शिवाय कोकोचा कडूपणा झाकण्यासाठी जी जास्तीची साखर कृतीत असते तीही आता नको, म्हणून आणखी २५ ते ३० ग्रॅम कमी करा. २०० वरून १४५-१५०वर आलात. त्याखाली फार जाऊ नका. केकमधली साखर गोडीबरोबर ओलावा आणि मऊपणाही धरून ठेवते, ती एक तृतीयांशाहून जास्त काढली तर केक दुसऱ्याच दिवशी दगड होतो.

कोकोतून मिळणारा सुमारे ७ ग्रॅम स्निग्धांश आता मिळणार नाही. लोणी किंवा तेल दीड ते दोन छोटे चमचे वाढवा. कॅरोबची पेस्ट करून घालत असाल तर पेस्टचं पाणी दुधातून वजा करा, मात्र दोन-तीन चमचे पाणी जास्त राहिलं तर राहू द्या, तंतू ते पिऊन टाकतात. माझा पहिला केक भुसभुशीत झाला तो स्निग्धांश आणि पाणी या दोन गोष्टी कमी पडल्यामुळे.

खाण्याचा सोडा असलेल्या कृतीत एक मेख असते. साधा कोको आम्लधर्मी असतो आणि काही कृती सोडा उठवायला त्याच्यावरच विसंबतात. हे काम कॅरोब करेल असं धरून चालू नका. दुधाऐवजी ताक घ्या किंवा दुधात चमचाभर लिंबाचा रस पिळा. हे नको असेल तर सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरा. सोडा नुसताच राहिला तर केकला साबणासारखी चव येते.

शेवटचा बदल आचेचा. कॅरोबमधली साखर लवकर करपते, म्हणून १८०ऐवजी १६५ अंश ठेवा आणि पाच ते आठ मिनिटं जास्त वेळ द्या. रंगावरून अंदाज घेऊ नका, मिश्रण आधीपासूनच गडद असतं. मधोमध टूथपिक खुपसून बघा. बिस्किटं तर पातळ असतात, त्यांच्या कडा डोळ्यांदेखत काळ्या होतात. त्यांना खालच्या ऐवजी मधल्या कप्प्यात ठेवा आणि शेवटची तीन मिनिटं ओव्हनच्या काचेसमोरच उभे राहा.

चवीला खोली कशी आणायची

एवढं करूनही पहिल्या घासाला कुणीतरी म्हणतं, 'छान आहे, पण काहीतरी कमी आहे.' कमी असतो तो कडूपणा. तो बाहेरून आणावा लागतो. यासाठी मला सगळ्यात आवडते ती भाजलेल्या चिकोरीच्या मुळांची पावडर. तिच्यात कॅफिन नसतं आणि कडूपणा स्वच्छ असतो. ५० ग्रॅम कॅरोबला एक छोटा चमचा पुरतो. कॅफिन चालत असेल तर अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी हेच काम करते, पण मग कॅफिन टाळण्यासाठी कॅरोब घेतलेल्यांचा हेतूच बारगळतो, हे पाहुण्यांना वाढताना विसरू नका.

मीठ नेहमीपेक्षा किंचित जास्त घाला. भाजलेले बदाम किंवा अक्रोड कॅरोबच्या टॅनिनचा कोरडेपणा झाकतात. संत्र्याची किसलेली साल त्याच्या गोडीला धार देते. केळं आणि खजूर मात्र जपून, तिन्ही गोड एकत्र आले की चव सपाट होते. ज्यांना कोको पूर्ण सोडायचा नाही, त्यांनी निम्मा कोको आणि निम्मा कॅरोब घेऊन बघावं. कोकोचा कडूपणा राहतो, साखर कमी लागते आणि घरातल्यांना बदल जाणवतही नाही.

सॉस आणि वडी

सॉस अगदी सोपा आहे. चार मोठे चमचे चाळलेला कॅरोब, अर्धा कप पाणी, दोन मोठे चमचे लोणी, चिमूटभर मीठ. पाण्यात कॅरोब घोटून मंद आचेवर पाचेक मिनिटं शिजवा, चमच्याच्या पाठीवर थर बसायला लागला की उतरवून लोणी आणि व्हॅनिला घाला. गार झाल्यावर तो आणखी दाट होतो, त्यामुळे आचेवर थोडा पातळ वाटला तरच बरोबर.

वडीला थोडी जास्त मेहनत लागते. १०० ग्रॅम खोबरेल तेल किंवा कोको बटर गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, ६० ग्रॅम अतिशय बारीक चाळलेला कॅरोब आणि दोन चमचे बदामाचं बटर घालून एकजीव करा, साच्यात ओतून फ्रीजमध्ये ठेवा. इथे पेस्टचा नियम उलटा होतो. पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये, नाहीतर मिश्रण आवळून त्याचा रवाळ गोळा होतो. भांडं, चमचा, साचा सगळं कोरडं ठणठणीत हवं. खोबरेल तेलाची वडी २५ अंशांच्या आसपासच मऊ पडते, म्हणून ती फ्रीजमधून काढून लगेच खायची. कोको बटरची वडी हातात टिकते, पण कोकोची ॲलर्जी असलेल्यांना ती चालणार नाही. ओतण्याआधी साच्याच्या तळाशी भाजलेल्या बदामाचे तुकडे पसरले, तर कचकच राहिली असली तरी ती बदामाचीच वाटते.

कुठे वापरू नये

गडद, कडू चॉकलेटवरच उभ्या असलेल्या पदार्थांत कॅरोब घालू नका. बिनमैद्याचा चॉकलेट केक, डार्क चॉकलेटचं मूस, ट्रफल यांना कोको बटरचा गोठण्याचा गुण आणि कोकोचा कडूपणा दोन्ही लागतात, आणि कॅरोबकडे यातलं काहीच नाही. तो सगळ्यात शोभतो तो दुधात, बिस्किटांत, मफिनमध्ये, पॅनकेकच्या पिठात आणि सकाळच्या ओट्सवर.

ओट्सवर घालायलाही पेस्टच घ्या. मी रविवारी वाटीभर करून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवते, पाच-सहा दिवस ती छान राहते. सकाळच्या घाईत चाळणं-घोटणं होत नाही, तेव्हा डब्यातला एक चमचा गरम दुधात सोडला की काम होतं.